हौसाची चिकटवही

“हलू नका,” नलू म्हणाली. “श्वास पण हळू घ्या.”

मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. ती माझ्यासमोर गुडघे टेकून बसली. माझ्या गळ्यातला चांदीचा टाक तिनं फ्रॉकच्या घेरानं पुसला, त्याच्यामागं आपली पाटी सरकवली, वर चहाच्या पुड्यातला पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून घासायला लागली. तिचं डोकं माझ्या हनुवटीला लागत होतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती माझ्या एवढी जवळ कधी आली नव्हती.

कागदावर आधी नुसतं काळं पसरलं. मग त्यातून कडा वर आल्या. एक डोकं, दोन डोळे, पोटाशी धरलेले हात.

“आली,” नलू म्हणाली.

आमच्यात पहिली बायको मेली आणि नवऱ्यानं दुसरी केली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा टाक बांधतात. बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा आणि त्यावर उठवलेली एक बाई. सकाळी कुंकू आधी तिला लावायचं, मग आपल्याला. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग नेसायचं. तिचा मान तिला मिळाला की ती दुसरीच्या वाटेला जात नाही, असं म्हणतात. माझ्या गळ्यात होती ती हौसा. नलूची आई. दुसऱ्या बाळंतपणात ती आणि तिच्या पोटातलं, दोघंही गेली. तिचा फोटो कुणी कधी काढलेला नव्हता, आणि नलू तेव्हा एवढी लहान होती की तिला आईचं तोंड आठवत नव्हतं.

टाक सोनाराकडं साच्यावर ठोकतात. साचा एकच, सगळ्यांच्या सवतींना तोच. हे मला माहीत होतं, नलूला नव्हतं.

“काय करणार ह्याचं?” मी विचारलं.

तिनं आत स्वयंपाकघराकडं बघितलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारी लसूण आणायला गेल्या होत्या आणि लसणाला गेलेल्या आत्याबाई गावाच्या सगळ्या बातम्या घेऊनच परत यायच्या.

“आजीला सांगणार न्हाई ना?”

“न्हाई.”

“टाकाची शपथ?”

मी टाकाला हात लावला. तिनं मला धान्याच्या कणगीमागं नेलं आणि तिथून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी ओढून काढलं.

ती चिकटवही होती. शाळेतल्या बाईंनी चौथीच्या मुलांना टाकाऊतून टिकाऊ करायला सांगितलं होतं. बाकीच्यांनी पिंपळाची पानं लावून दिली आणि विषय संपवला. नलूचा संपला नव्हता. सिमेंटच्या पिशवीचा तपकिरी कागद कापून तिनं पानं केली होती, ती दाभणानं भोसकून सुतळीनं बांधली होती, वर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा लावला होता. आत एका पानावर हिरव्या बांगडीचे तुकडे वेलासारखे लावलेले. एका पानावर कुंकवाच्या डबीचं झाकण. आमचे हे एसटीत कंडक्टर होते. तिकिटाला पंच मारला की पडणाऱ्या रंगीत टिकल्या त्यांच्या खिशात सापडायच्या. त्या टिकल्यांचं नलूनं झाड केलं होतं, आणि झाडाखाली काडेपेटीवरचा मोर. लग्नपत्रिकेतला गणपती, अगरबत्तीच्या खोक्याची सोनेरी पट्टी, छापील अक्षरं कापून केलेली नावं. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. अक्षरं मी शिकले ती पुढं, नातवंडं शाळेत जायला लागली तेव्हा. त्यामुळं ती नावं मी नुसती रांग बघावी तशी बघितली.

“ह्या बांगड्या कुणाच्या?”

“आईच्या. उकिरड्याच्या कडेला सापडल्या. आई गेल्यावर आजीनं टाकून दिल्या तेव्हाच्या.” तिनं पान उलटलं. “आणि हे आईचं लुगडं.”

हिरव्या सुती लुगड्याचा तळहाताएवढा तुकडा होता, कात्रीनं नीट कापलेला.

“हे कुठनं आणलं?”

“गोधडीतनं. आतल्या थरातनं. वरनं कळत न्हाई.”

मी ती गोधडी पांघरत होते. लग्नाच्या पहिल्या दिवसापासून.

नलूनं टाकाचा कागद एका कोऱ्या पानावर ठेवून बघितला. “खळ वाळली. सारखी सुटतीय. भाताची केली होती.”

“भाताची न्हाई टिकत,” मी म्हणाले. माझे वडील पतंग करायचे. खळ मला येत होती. “मैद्याची कर. शिजताना चिमूटभर मोरचूद टाकायचं, मग झुरळं लागत न्हाईत. पण बोटं चाटायची न्हाईत, विष असतंय.”

“तुम्ही करून द्याल?”

मी करून दिली. पण खरं सांगायचं तर त्या वहीची मला भीती वाटत होती.

तेव्हा मला सातवा महिना होता. याआधी दोनदा माझी कूस उजवता उजवता राहिली होती. पहिलं अर्ध्यातच गेलं. दुसरं पुरं झालं, जन्मलं, आणि रडलंच नाही. गाव काय म्हणत होतं ते मला कुणी तोंडावर सांगितलं नाही, पण विहिरीवर मी गेले की बायका हौसाचं नाव अर्ध्यात तोडायच्या. बाळंतपणात गेलेली बाई शांत होत नाही. तिचं राहिलेलं असतं, म्हणून ती दुसरीचं नेते. मीही ते मानत होते. दुपारी घरात एकटी असले की पाठीमागं कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं. भांडं घासताना पाण्यात आपलं तोंड दिसतं ना, तिथं बघायचं मी सोडून दिलं होतं.

आणि ही पोर तिचे तुकडे गोळा करून तिला जोडत होती.

भादव्यात आत्याबाई मला धोंडाबाईकडं घेऊन गेल्या. धोंडाबाईच्या अंगात यायचं. मंगळवारी तिच्या अंगणात गर्दी असायची. वारं आलं तरी चहा गार झालेला तिला कळायचा, आणि सुनेला तसं सांगून ती पुन्हा घुमायला लागायची. मी हसले असते, पण तिनं माझ्या पोटाकडं बघितलं आणि माझं हसू गेलं.

“तिचं काहीतरी घरात ऱ्हायलंय,” धोंडाबाई म्हणाली. “त्याला धरून बसलीय ती. सर्वपित्री अवसंच्या आत वाहत्या पाण्याला द्या. न्हाई तर हेही जाईल.”

आत्याबाईंचं तोंड एकदम उतरलं. परत येताना त्या वाटभर एक शब्द बोलल्या नाहीत. एरवी त्या वाटेवरच्या शेळीशीसुद्धा बोलायच्या.

घरी आल्यावर त्यांनी झडती सुरू केली. हौसाची पितळी वाटी निघाली, फुटका आरसा निघाला, एक चोळी निघाली, जात्यापाशी बसायचा तिचा पाट निघाला. सगळं अंगणात. मग त्यांनी गोधडी ओढली आणि टाके उसवले. हिरवा थर बाहेर आला आणि त्याच्या मधोमध चौकोनी भोक.

“हे काय?”

“उंदरानं कुरतडलं असंल,” मी म्हणाले.

“उंदराला कात्री कुणी दिली?”

नलू उंबऱ्यात उभी होती. पाठीवर दप्तर तसंच. तिचा चेहरा मी बघितला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मी कापलं, आत्याबाई. कंदिलाची काच पुसायला.”

“पांघरायची गोधडी कापून काच पुसतीस? माहेरी असंच करत व्हतीस का?” पण त्यांचं सगळं लक्ष पुढच्या फडताळाकडं गेलं होतं. “तुकडा कुठाय?”

“जळाला चुलीत.”

“मग बरं झालं. जळालं ते गेलं.” त्या खाली बसल्या, पदरानं तोंड पुसलं. मग नलूकडं वळून म्हणाल्या, “तुझ्याकडं काही हाय का गं तिचं? असलं तर दे. ह्या बाईचं बाळ जगायला पायजे का नको?”

“माझ्याकडं काय असणार?” नलू म्हणाली.

“तुझी आई गुणाची व्हती, मी न्हाई म्हणत न्हाई. पर आता ती तुझी आई ऱ्हायली न्हाई. आता ती दुसरंच काहीतरी झालीय. दोन पोरं खाल्ली तिनं.”

हे त्या रागानं बोलल्या नाहीत. भाजीत मीठ जास्त झालंय असं सांगावं तसं बोलल्या. नलू आत गेली.

संध्याकाळी हे ड्यूटीवरून आले. त्यांनी अंगणातला ढीग बघितला, त्यातली पितळी वाटी उचलली, जराशी फिरवली आणि परत ठेवली.

“तुम्ही काही बोला की,” मी म्हणाले.

“आई म्हणती तसं कर. मला ह्यातलं कळत न्हाई.” त्यांनी पायातली वहाण काढली. “मला एवढंच कळतंय की परत खड्डा खणायला मला सांगू नका.”

दुसरं बाळ त्यांनीच पुरलं होतं.

अवसेच्या आदल्या दिवशी शेजारचा गडी ढीग घेऊन विंचरणा नदीवर गेला आणि पाण्यात सोडून आला. आत्याबाईंनी त्याला दूध घालून चहा दिला. घर मोकळं झालं, असं त्या तीन-चारदा म्हणाल्या. मी कणगीकडं बघत होते. मला सांगता आलं असतं. एक शब्द पुरला असता. माझ्या पोटात बाळ फिरत होतं आणि मी तोंड बंद ठेवून भाकरी थापत होते, आणि रोजच्यासारखंच माझ्या पाठीमागं कुणीतरी उभं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कणगीमागं हात घातला. गोणपाट होतं. आत काही नव्हतं.

नलू शाळेतून यायची वेळ होऊन गेली होती. मी शाळेकडं गेले नाही, सरळ नदीची वाट धरली. का, ते मला सांगता येणार नाही. वाटेत एक बाई म्हणाली, “अगं शेवंता, सातव्यात एवढं पळू नये.” मी ऐकलं नाही.

बायका धुणं धुतात त्याच्या खालच्या अंगाला, लव्हाळ्यापाशी नलू उभी होती. गुडघाभर पाण्यात. त्या साली पाऊस चांगला झाला होता, नदीला ओढ होती. वही तिच्यापासून दूर, वाकलेल्या बाभळीच्या फांदीला अडकून पाण्यावर हलत होती. पुठ्ठा उघडला होता. तिकिटांच्या टिकल्या सुटून वाहत चालल्या होत्या, लाल, पिवळ्या, निळ्या.

“नलू, बाहेर ये.”

ती आली नाही. तोंडही वळवलं नाही.

“मी आईला सांगितलं,” ती म्हणाली. “म्हटलं, तू जा आता. बाळाला हात लावू नको. सगळं तुझं तुला दिलं.”

“बरं केलंस. ये आता.”

“पण वही बुडंना. मगाधरनं तिथंच हाय. ती जाईना, मावशी.”

मी काठावरच्या दगडावर बसले. पाण्यावर ती वही वरखाली होत होती, दार लोटावं आणि परत ओढावं तशी. भर दुपार होती. वरच्या अंगाला धुणं आपटल्याचा आवाज येत होता आणि मला वाटत होतं की आता ती फांदीचा हात सोडेल आणि माझ्याकडं येईल.

नलू माझ्याकडं वळली. रडली नव्हती.

“मावशी, माझ्या आईनं खरंच खाल्ली का गं ती दोन्ही?”

एरवी ती मला अहोजाहो करायची.

मला ‘न्हाई’ म्हणता आलं नाही. मी ते मानत होते आणि खोटं बोलले असते तर तिला कळलं असतं. ती वाट बघत राहिली. पाण्यात उभी, फ्रॉक कमरेत खोचलेला, पायांना गारठ्यानं काटा आलेला. आणि तेव्हा मला पुढचं सगळं दिसलं. वही वाहून जाईल. मग देव करो आणि माझं बाळ जगो. जगलं, की घरात पेढे वाटतील, धोंडाबाईला खण जाईल, आत्याबाई म्हणतील, बघा, तिचं सगळं काढलं आणि पोर जगलं. आणि ही पोर ते ऐकेल. माझी आई होती तोवर पोरं मरत होती, ती गेली आणि पोर जगलं. आपल्या हातानं तिनं ते सिद्ध केलेलं असेल. जन्मभर ती एका पोरं खाणाऱ्या बाईची मुलगी राहील, आणि तिला ते माझ्या लेकराच्या तोंडाकडं बघून रोज आठवेल.

मी लुगडं वर खोचलं आणि पाण्यात उतरले.

“मावशी, नको.”

“तू काठावर जा.”

पाणी मांड्यांना लागलं, मग पोटाला. पोटाला लागलं तसं आतलं बाळ जोरानं उसळलं. मी फांदीला धरलं. काटे हातात गेले. पायाखालची वाळू सरकत होती. वहीला हात घालताना मी डोळे मिटले होते, हे मला आजही आठवतं. मला वाटत होतं की माझ्या हाताला कागद लागणार नाही, हात लागेल.

कागदच लागला. जड झालेला, भिजलेला कागद.

काठावर येऊन मी बराच वेळ नुसती बसले. नलू माझ्या पायावरची वाळू हातानं काढत होती.

“आता?” ती म्हणाली.

“आता ही घरात ऱ्हाईल. पहिल्यासारखी. बाळ हिच्या डोळ्यादेखत होईल. मग तुझं तू बघ, खाती का ती.”

“आणि खाल्लं तर?”

“तर आजीचं खरं.”

ती वहीकडं बघत म्हणाली, “तुम्हाला भ्या वाटत न्हाई?”

“लई वाटतंय. धर मला, उठव.”

पुढचे दिवस कसे गेले ते मला सांगता येत नाही. पानं आम्ही आत्याबाई बाजारात गेल्या की चुलीच्या उबेला वाळवली. फुगली होती, पण सिमेंटचा कागद चिवट, फाटली नाहीत. खळ परत शिजवली. पाण्यानं नेलेल्या टिकल्यांच्या जागी नलूनं खडूच्या खोक्याचा कागद कातरून लावला. वही कणगीमागं गेली. आणि मी दिवस ढकलायला लागले.

बाळ जरा निवांत झालं की मला घाम फुटायचा. मग मी पोटाला चिमटा घ्यायचे, गूळ खायचे, डाव्या कुशीवर वळायचे, ते हललं की रडायचे. आत्याबाई खुशीत होत्या. घर कसं हलकं झालंय, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. मला मात्र घर आधीपेक्षा भरलेलं वाटत होतं. पाठीमागं ती असायचीच. एक दिवस पीठ चाळताना मी मागं न बघता तिच्याशी बोलले. म्हटलं, बाई, तुझ्या पोरीसाठी केलंय मी हे. तुला करायचं ते कर, पण आधी तिच्याकडं बघ. बोलून झाल्यावर चाळणी हातात धरून मी थांबले. कुणी काही बोललं नाही. पण त्या दिवसापासून मी तिला चुलीपुढं जागा ठेवून बसायला लागले. सवयच झाली.

नलू रोज शाळेतून आली की दारातूनच माझ्या तोंडाकडं बघायची. मी मान हलवायचे. मग ती दप्तर ठेवायची. एवढंच. आमच्यात दुसरं बोलणंच राहिलं नव्हतं.

कळा पहाटे सुरू झाल्या आणि सूर्य वर येईपर्यंत चालल्या. सुईण म्हणाली, “आलं,” आणि मग काहीच नाही. कुठलाच आवाज नाही. मला तो सन्नाटा ओळखीचा होता. आत्याबाईंनी तोंडात पदर घातला. मी मान वळवली. दाराच्या फटीतून नलूचा एक डोळा दिसत होता, आणि तो डोळा बाळाकडं बघत नव्हता. कणगीकडं बघत होता.

सुईणीनं बाळाला उलटं धरून पाठीवर मारलं. परत मारलं.

मग ते रडलं.

“पोरगी हाय,” सुईण म्हणाली.

“असू दे,” आत्याबाई म्हणाल्या. “जिती हाय.” आणि त्या तिथंच, रक्ताच्या पाण्यात बसल्या.

पाचव्या दिवशी संध्याकाळी पाचवी पुजायची असते. सटवाई येते आणि बाळाच्या नशिबात काय ते लिहून जाते, म्हणून तिच्यासाठी पाट्यावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. आत्याबाईंनी पाटा धुऊन कोपऱ्यात मांडला, हळदकुंकू वाहिलं, भाताचा मुटका ठेवला. बाळ माझ्या मांडीवर होतं.

“नलू, कोरा कागद दे गं शाळेचा. आणि पेन्सिल.”

नलू गेली. आली ती कणगीमागून. तिच्या हातात वही होती. मी तिला डोळ्यांनी नको म्हटलं, पण ती माझ्याकडं बघतच नव्हती. तिनं वही पाट्यावर ठेवली आणि शेवटचं कोरं पान उघडलं.

“त्यातला फाडून दे एक.”

“फाडणार न्हाई,” नलू म्हणाली. “इथंच लिहू दे तिला.”

“कसली वही ही?” आत्याबाईंनी वही ओढली आणि पानं मागं मागं उलटली. हिरव्या लुगड्याच्या तुकड्यावर त्यांचा हात थांबला. बोटानं त्यांनी त्याचा काठ चाचपला. दिव्याच्या उजेडात त्यांचं तोंड मला नीट दिसत नव्हतं.

“चुलीत जळाला म्हणालीस.”

“खोटं बोलले,” मी म्हणाले.

“कधीपासून घरात हाय हे?”

“पहिल्यापासून. मधे एकदा नदीत गेली होती. मी आत उतरून परत आणली.”

“ही पोटात असताना?”

“हो.”

त्या ओरडतील, वही चुलीत घालतील, म्हणून मी बाळाला छातीशी धरलं. नलू पाट्याच्या दुसऱ्या बाजूला पुतळीसारखी बसली होती.

आत्याबाई बाळाकडं बघत राहिल्या. बाळ जागं होतं, मुठी चोखत होतं. मग त्यांनी पान उलटलं. बांगडीच्या तुकड्यांवरून हात फिरवला. “ह्या संक्रांतीच्या,” त्या म्हणाल्या. “कासारीण दारात आली व्हती. मी म्हटलं लाल भर, तर म्हणली, न्हाई आत्याबाई, हिरव्याच.” आणखी एक पान. “टाकाचं कशाला घासलंस गं? ती काय अशी दिसत व्हती? तिचं नाक बसकं व्हतं. हसली की डोळे मिटायचे.”

नलूनं श्वास रोखला होता. या घरात हौसाबद्दल कुणीतरी असं बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते. तीही.

आत्याबाईंनी कमरेची पिशवी सोडली. त्यात त्यांचं पान, सुपारी, चुना, तंबाखू असायचं. त्या पिशवीला घरात कुणी हात लावत नसे. तळातून त्यांनी चिंधीची एक घडी काढली आणि उलगडली. आत गुंतवळ होती. आम्ही बायका विंचरताना गळालेले केस गुंडाळून भिंतीच्या फटीत ठेवतो आणि सुया-बिब्ब्याची बाई आली की तिला देऊन सुया घेतो. पण ही गुंतवळ माझी नव्हती, त्यांचीही नव्हती. काळी, लांब, बोटाभोवती नीट गुंडाळलेली.

“फटीत ऱ्हायली व्हती,” त्या म्हणाल्या. “ती गेल्यावर सुयावाली आली. मला देववली न्हाई.”

त्यांनी ती तळहातावर घेतली.

“धोंडाबाई म्हणली, काहीतरी ऱ्हायलंय. मला ठावं व्हतं काय ऱ्हायलंय ते. घरातलं सगळं नदीला घातलं, पर एवढं कमरेलाच ऱ्हायलं. रोज म्हणायची, उद्या टाकू.” त्यांनी ती गुंतवळ वहीच्या कोऱ्या पानावर ठेवली. “घे. हे पण लाव.”

नलूनं हात पुढं केला आणि मागं घेतला. मग एका बोटानं तिनं केसांना स्पर्श केला. वाकून वास घेतला. तोंड वर केलं तेव्हा तिला काय सापडलं आणि काय नाही, ते मला कळलं नाही.

“ह्या पानावर?” ती म्हणाली. “मग सटवाई कुठं लिहील?”

“लिहील कडंला. तिला जागा ती किती लागती?”

नलू खळीचा डबा घेऊन आली. पण केस खळीनं धरेनात. एक बाजू बसवली की दुसरी उठायची, ओली होऊन बोटाला चिकटून यायची, कागद सोडून नलूच्या मनगटाशी. दोनदा, तीनदा तिनं ते परत ठेवले.

“शिवावं लागंल,” मी म्हणाले.

बाळंतिणीनं सुई धरू नये म्हणतात. त्या वेळी ते कुणी म्हटलं नाही. बाळ नलूच्या मांडीवर दिलं. सुई ओवून मी वही जवळ ओढली आणि जाड कागदातून पहिला टाका घातला. आत्याबाईंनी पाट्यावरचा दिवा उचलून माझ्या हातापाशी धरला. वात फडफडत होती, त्यामुळं पानावरच्या त्या केसांची सावली हलत होती.

“घट्ट शीव, शेवंता,” त्या म्हणाल्या. “सुटता कामा नये.”